मादी बादलीत का होती

चूक माझी होती. बुवांना मासे मीच दाखवले, आणि दाखवताना अर्धंच सांगितलं. ते अर्धं त्यांनी देवळात दीडशे माणसांपुढे मांडलं. कोणी म्हणेल, तुळसाबाई, तू एवढी कीर्तनवेडी, अंगणवाडीच्या मानधनातून कुठल्या कुठल्या गावाला कीर्तन ऐकायला जाणारी, आणि तू बुवांवर रागावतेस? रागावते. जिथे आयुष्यभर कान लावून बसले, तिथूनच असं ऐकू आलं, तर रागवायचं नाही तर काय करायचं?

आमची वाडी पोलादपूरहून वर चढून आलं की शेवटची. एरवी म्हातारी माणसं आणि कुलपं. वैशाखात सप्ताह बसला की मुंबईकर येतात आणि वाडी भरते. सात दिवस अखंड नाम, आणि त्या सात दिवसांत वीणा भुईला टेकायची नाही. एकाच्या गळ्यातून निघते ती दुसऱ्याच्या गळ्यात पडते. दोन-दोन तासांचे पहारे घरांना वाटून दिलेले असतात; त्याची यादी गावकीचं सगळं बघणारे चांगूभावजी देवळाच्या खांबाला चिकटवतात. पुरुष मुंबईला गेले तेव्हापासून दिवसाचे पहारे बायकांकडे आले. एका घराला एक पहारा, जास्त नाही. पहारा संपला की पुढची येते, पाया पडते, वीणा आपल्या गळ्यात घेते. तोवर पहिलीने हलायचं नाही.

सप्ताहाच्या शेवटी, काल्याचा प्रसाद झाला की गावकीची बैठक बसते. यंदा त्या बैठकीत मला एकच गोष्ट मागायची होती. माझ्या सुनेची मुलगी, माझी नात निशा, दहा वर्षांची. ती डोंबिवलीला बापाजवळ अडकली होती. शाळेला सुट्टी लागून तीन आठवडे झाले, तरी सुहास तिला पाठवेना. सुहास माझा मुलगा. "आई सोडून गेली, तिला पोरगी कशाला दाखवू?" असं फोनवर म्हणाला. मला गावकीचा शब्द हवा होता आणि बरोबर येणारी माणसं. मी एकटी गेले असते तर त्याने दारातूनच परत पाठवलं असतं. वाडीतल्या मोठ्या माणसापुढे त्याची तशी हिंमत नाही.

माझी सून रूपाली दिवाळीच्या आधी माझ्याकडे आली. माहेर बिरवाडीचं, पण वडील गेले, आणि भावाची भाड्याची एकच खोली. म्हणून सासूकडे आली. वाडीला हेच आधी पटलं नाही. नवऱ्याला टाकून सासूच्या घरी राहणारी सून त्यांनी पाहिली नव्हती. का टाकलं ते मी कोणाला सांगितलं नाही. लोक विचारायचे, मी म्हणायचे, "तिथलं पाणी मानवत नाही तिला."

लग्नाआधी रूपाली महाडला उबेदभाईच्या शोभेच्या माशांच्या दुकानात कामाला होती. ती इथे आल्यावर तो स्वतःच एकदा गाडी घेऊन वर आला, दोन काचेच्या टाक्या ओटीवर ठेवून गेला. "चाची, इसके हाथ में बरकत हाय," मला म्हणाला. "बाजारात हे गुरामी मासे सगळे विकतात, पिल्लं काढणारे किती? ही काढते." आणि खरंच काढायची. वाढलेली पिल्लं पिशव्यांत पाणी भरून महाडला नेऊन द्यायची. ओटीवर तिचाच कायदा. माशांजवळ धूप लावायचा नाही, मच्छरची कॉइल लावायची नाही. कारण हा मासा पाण्याच्या वर तोंड काढून हवा पितो. कोपऱ्यातल्या बरणीत केळ्याच्या साली पाण्यात कुजत ठेवलेल्या, त्याचा वास मी सहन करायचा. कारण त्या पाण्यातले न दिसणारे जीव पिल्लांचं पहिलं दूध. मी पोरांना खिचडी भरवण्यात तीस वर्षं घालवली, मला हे समजत होतं.

सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी मोती गुरामीची जोडी लागली. रूपालीने टाकीतलं पाणी वीतभर ठेवलं होतं, पंप बंद केला होता, वर तरंगती पानं सोडली होती. नराचा गळा शेंदरासारखा लाल झाला होता. त्याआधीचे दोन दिवस तो तोंडाने हवेचे बुडबुडे सोडत होता, पानांच्या आडोशाला अर्ध्या भाकरीएवढा फेस जमला होता. मग त्या तिसऱ्या दिवशी त्याने मादीला विळखा घातला आणि खसखशीसारखी अंडी वर तरंगत त्या फेसात गेली. मी पाहत होते, हात आपोआप जोडले गेले.

आणि त्याच दुपारी नर मादीच्या मागे लागला. कोपऱ्यात गाठून टोचायचा. ती दगडामागे गेली, तिथे टोचायचा. पानाखाली गेली, तिथे टोचायचा. तिची शेपटी चिंध्या झाली.

"का गो मारतो हा?" मी विचारलं.

"घरट्याजवळ कोणी नको असतं त्याला," रूपाली जाळी घेत म्हणाली. "मोठ्या पाण्यात असं होत नाही, आई. तिथे मादी लांब निघून जाते, तो आपलं घरटं राखतो, दोघं जगतात. इथे काच आहे. जायला जागा नसते, म्हणून मरते." एवढं बोलून तिने मादीला काढली आणि स्वच्छ पाण्याच्या बादलीत ठेवली, मिठाची चिमूट टाकली, वर ताट झाकलं.

त्या ताटाकडे बघायचीही मला लाज वाटत होती.

सहाव्या दिवशी बुवा आले. त्या दिवशीचं कीर्तन दुपारी चारला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला काला, दोन्ही त्यांच्याकडे. दुपारची त्यांची पंगत माझ्या घरी होती. मी पहाटेपासून पुरण वाटत होते. रूपाली स्वयंपाक उरकून उबेदभाईकडे पिशव्या द्यायला महाडला गेली होती. बुवा जेवले, तृप्त झाले, ओटीवर हात पुसत उभे राहिले आणि टाकीपाशी थबकले.

"हे काय, बाई?"

मला असा आनंद झाला की काय सांगू. एवढे मोठे बुवा, माझ्या ओटीवर, माझ्या सुनेच्या हातचं कौतुकाने बघतायत. मी सांगत सुटले. फेसाचं घरटं दाखवलं. फेसाखाली पापणीच्या केसाएवढी पिल्लं लोंबत होती. एखादं निसटून खाली पडलं की नर झेपावायचा, तोंडात धरायचा आणि वर नेऊन फेसात सोडायचा.

"वा वा! बाप बघा! खाणंपिणं?"

"काही नाही, बुवा. तीन दिवस तोंडात कण नाही घेतला."

"आणि आई?"

मी बादलीवरचं ताट उचललं. "ती हिच्यात. जवळ राहिली तर अंडी खाते म्हणून."

हे खोटं नव्हे. कधी कधी खाते. बुवा वाकले.

"शेपूट का फाटलीय हिची?"

आता बघा. खरं सांगायला किती शब्द लागतात? नराने फाडली. दोन शब्द. पण माझ्या तोंडातून निघालं, "जाळीत अडकली, बुवा." विचार करून नाही निघालं, सवयीने निघालं. कीर्तनकाराला सांगितलेली गोष्ट कीर्तनात जाते, हेही मला ठाऊक होतं. बुवांच्या ताटात काय वाढायचं याचा मी आठ दिवस विचार केला, कानात काय घालायचं याचा नाही.

चारला देऊळ भरलं. मालोजी पखवाजावर होता. तो आमच्या वाडीतल्या रंगूबाईचा नवरा, सत्तरीचा, पण हात अजून असा की थाप पडली की छातीत वाजते. रूपाली महाडहून थेट देवळातच आली आणि रिकाम्या पिशव्या मांडीखाली घालून बायकांत बसली. बुवांचा गळा गोड. पहिला तासभर मी स्वर्गात होते.

मग ते थांबले, उपरण्याने घाम पुसला.

"मंडळी, आज मी एका घरी जेवलो. घर सांगत नाही." बुवांची पंगत कोणाकडे तेही खांबावरच्या यादीत होतं, सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. "त्या घरी काचेच्या पेटीत मला एक बाप भेटला. बाप! स्वतःच्या श्वासाचे बुडबुडे करून लेकरांना घर बांधतो. लेकरू पडलं की तोंडात धरतो आणि पुन्हा घरात ठेवतो. तीन दिवस पोटात अन्न नाही. असा बाप!"

टाळ वाजले. माझीसुद्धा मान डोलली. हो, डोलली. आपल्या घरची गोष्ट देवळात चाललीय याचा अभिमान होता मला.

"मी विचारलं, याची बायको कुठाय? तर, मंडळी, बायको बादलीत!"

हशा पिकला. मुंबईकर पोरं तर टाळ्या वाजवायला लागली.

"बादलीत का? तर अंडी खाते! जवळ ठेवली तर आपलंच लेकरू गिळते! बाप राखतो आणि आई गिळते. काही आया अशा असतात, मंडळी. त्यांना लेकरांपासून लांब ठेवलेलंच बरं. देवानेच त्यांच्यासाठी बादली केली! बोला विठ्ठल, विठ्ठल..."

सगळं देऊळ म्हणालं. म्हणता म्हणता बायका रूपालीकडे बघत होत्या. बुवांना तिचं काही माहीत नव्हतं, असं मी आजही धरून चालते. पण वाडीला माहीत होतं. वाडीला पोरगी डोंबिवलीला आणि आई इथे एवढंच माहीत होतं, आणि आता त्यावर देवळाचा शिक्का बसला. रूपाली हलली नाही. कीर्तनातून मध्येच उठायचं नसतं. ती शेवटपर्यंत बसली, आरती घेतली, बुक्का लावून घेतला.

पायऱ्यांवर रंगूबाईने मला गाठलं. "देवाच्या दारात खरं तेच निघतं गो, तुळसा."

"तोंड सांभाळ, रंगू."

"मी काय बोलले? बुवा बोलले."

घरी आल्यावर रूपालीने आधी बादलीतलं पाणी बदललं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "आई, शेपटीचं काय सांगितलंत त्यांना?"

"जाळीत अडकली."

"अस्सं." तिने ताट परत झाकलं. "मी मोरीत पडले होते, तशीच."

मागच्या वर्षी डोंबिवलीला तिचा डोळा सुजला होता, आणि शेजारणीला मी सांगितलं होतं, सून मोरीत पडली. मी तेव्हा त्यांच्याकडे राहायला गेले होते. मी पाहिलं होतं. एकदा नाही, चार वेळा पाहिलं, आणि चारही वेळा मी देवघरात जाऊन बसले आणि हरिपाठाचं पुस्तक उघडलं.

सातव्या दिवशी सकाळी सहा ते आठ आमच्या घराचा पहारा होता, तो रूपालीने घेतला. मी म्हटलं, मी जाते, तर म्हणाली, "माझं नाव लावलंय यादीत." आठ ते दहा रंगूबाई. दहाला काला. जाताना मला सांगून गेली, "आठला येते. आज पिल्लं सुटी पोहायला लागतील. मग नराला काढायचं."

"त्याला का? तो तर राखतो ना?"

"घरट्यात आहेत तोवर राखतो. पोहायला लागली की आधी धरून धरून परत आणायला बघतो. ती काही आणून राहत नाहीत. मग भूक लागते, आणि तोंडात तर आलेलंच असतं." तिने खांदे उडवले. "गिळतो."

आठ वाजले. सव्वाआठ. मी स्वयंपाकघरातून ओटीवर, ओटीवरून स्वयंपाकघरात. टाकीत पिल्लं फेसातून सुटून चहूकडे पसरली होती, धुळीचे कण उडावेत तशी. आणि त्यांचा तो बाप, देवळात ज्याच्या नावाने टाळ वाजले तो, एकामागून एक पिल्लू तोंडात धरत होता. बरीचशी परत सोडत होता. एक नाही सोडलं. मी नाक काचेला लावून बघत होते. नाही सोडलं.

मला ती जाळी धरता येत नाही, हात कापतो. पदर खोचला आणि देवळात पळाले.

पावणेनऊ झाले होते. रूपाली विठोबासमोर उभी, गळ्यात वीणा, बोटाने तार छेडतेय, ओठ हलतायत. रंगूबाई नाही. देवळाच्या कट्ट्यावर पाच-सहा बायका तांदूळ निवडत बसलेल्या, आणि एकीची मान वर होईल तर शपथ.

"रंगू कुठाय?" मी विचारलं.

"तिच्या पायात गोळे आलेत म्हणे," एक म्हणाली. दुसरी तांदळात बघून हसली.

"मग तुमच्यातल्या कोणीतरी घ्या."

"आमचा पहारा झाला, बाई. एका घराला एकच."

मग मला उमगलं. ठरवून केलं होतं. बादलीतल्या बाईच्या गळ्यातली वीणा घ्यायची नाही. तिच्या पाया पडायला लागेल ना घेताना! उभी राहू दे. राग माझ्या टाचेपासून निघाला आणि डोक्यात गेला. मी रूपालीजवळ गेले. ती नाम न थांबवता, दोन नामांच्या मध्ये पुटपुटली, "नर?"

"एक गिळलं."

"सगळी नाही गिळणार. दहापर्यंत निम्मी तरी राहतील," ती म्हणाली आणि पुन्हा विठ्ठल विठ्ठल.

साडेनऊला चांगूभावजी घाईघाईने आले. फुलांचा हार, हंडी, दही, लाह्या, सगळी तयारी झालेली. त्यांनी रूपालीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला. काल्याच्या कीर्तनाला उभं राहताना बुवा विणेकऱ्याच्या पाया पडतात आणि त्याच्या गळ्यातली वीणा आपल्या गळ्यात घेतात. सात दिवसांतला तो सगळ्यात मोठा मान. वीणा जिच्या गळ्यात असेल तिचा. या शहाण्यांनी तिला उभी ठेवायची म्हणून उभी ठेवली, आणि काल्याचा मान आपल्या हाताने तिच्या गळ्यात घातला! एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

"वयनी," चांगूभावजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमीच घ्या ना वीणा. पटकन. बुवा अंघोळ करून निघालेत."

"माझा पहारा नाय. यादी तुम्हीच लावलीत. आठ ते दहा रंगूबाई."

"रंगूबाय येत नाय बोलते. तिला आता कोन आननार?"

"नाय येत तर नाय येत. एका घराला एकच. आमच्या घराचा झाला."

"अवो वयनी, काल्याला हिच्या पाया बुवा पडनार? लोक काय बोलतील?"

"लोक काल बोलले की! पोटभर बोलले. आज बघू देत."

"तुमी देवाच्या कामात राग आनताय."

"मी नाही आणला, भावजी. तांदूळ निवडणाऱ्यांनी आणला. त्यांना विचारा."

बायकांच्या बोटांखाली तांदूळ थांबले होते. एक-दोघी उठून रंगूबाईकडे पळाल्या. रंगूबाई आली, पायातले गोळे बरे झालेले. पण दारातच तिला कळेना की पुढे व्हावं की मागे. तेवढ्यात बुवा आलेच. माणसं जमली, पखवाज लागला, टाळकरी दोन्ही बाजूंना उभे राहिले. बुवांनी देवाला दंडवत घातला, उठले, वळले आणि रूपालीला पाहून थांबले. तिच्याबद्दल त्यांच्या कानावर आलं असावं. रात्रभर वाडी काय गप्प बसली होती?

ते चांगूभावजींकडे वळून हळूच म्हणाले, "दुसरं कोणी नाही का?"

एवढंच. मोठ्याने नाही म्हणाले, रागाने नाही म्हणाले. पण मी पुढे झाले. तीस वर्षांत मी कीर्तनात खोकलासुद्धा पदरात दाबला आहे. त्या दिवशी टाळकऱ्यांच्या मधून चालत गेले.

"नाही, बुवा. दुसरं कोणी नाही. आणि काल मी तुम्हाला अर्धं सांगितलं, ते आज पुरं ऐका."

"बाई, कीर्तनाची वेळ..."

"कीर्तनातच सांगितलंत ना? मग कीर्तनातच ऐका. त्या मादीची शेपटी जाळीत नाही अडकली. तुमच्या त्या बापाने फाडली. मोठ्या पाण्यात ती दूर निघून गेली असती, काचेच्या पेटीत जाणार कुठे? जीव वाचावा म्हणून तिला काढली. आणि तो बाप आज सकाळी पिल्लं गिळतोय. आत्ता, माझ्या ओटीवर. जाऊन बघा. आता त्यालाही काढायला लागणार. आजचा दृष्टांत ह्याच्यावर द्या!"

कोणीतरी "वयनी, बस करा" म्हणालं. चांगूभावजींनी माझा दंड धरला. "बैठकीत बोलू, वयनी, दुपारी बैठकीत..."

"बैठकीत नाही. इथं." मी दंड सोडवला आणि बायकांकडे तोंड केलं, पुरुषांकडे केलं. "मासा सोडा. माझ्या मुलाने हिला मारलं. सुहासने. मी चार वेळा डोळ्यांनी पाहिलं आणि पोथी वाचत बसले. शेजाऱ्यांना सांगितलं, मोरीत पडली. तुम्हाला सांगितलं, पाणी मानवत नाही. पोरगी तिने टाकली नाही. त्याने दाराला कडी लावून घेतली आणि हिला जिन्यात उभी ठेवली. खोटं मी बोलले, आणि बादलीत तुम्ही हिला घातलंत. आता विचारते, उद्या सकाळच्या एसटीने माझ्याबरोबर डोंबिवलीला निशाला आणायला कोण येतंय? दुपारी नको. आत्ता सांगा, ह्याच्यासमोर." मी विठोबाकडे हात केला.

रूपालीने तार थांबवली नव्हती.

"मी येतो," मालोजी म्हणाला. पखवाजावरून मान वर न करता म्हणाला, आणि कणीक लावलेल्या बाजूवर उगाच हात फिरवत राहिला. रंगूबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा असता तर शब्द गिळला असता. तो म्हणाला, "बघतेस काय? सुहासला मी टाळ धरायला शिकवलाय. माझ्यापुढं दार नाय लावनार तो."

चांगूभावजी खाली बघत म्हणाले, "मी पन येईन. वयनी, आता तरी..."

बुवा आतापर्यंत उभे होते तसेच उभे होते. त्यांनी उपरणं सावरलं, दोन पावलं पुढे आले, आणि रूपालीच्या पायांवर डोकं ठेवलं. तिने वीणा गळ्यातून काढली, त्यांच्या गळ्यात घातली, रिवाजाप्रमाणे वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मग ताठ झाली आणि मला म्हणाली, "आई, मी जाते, नर काढायचाय." आणि सगळ्यांच्या मधून, चार तास उभं राहून आखडलेल्या पायांनी, निघून गेली.

कीर्तन झालं. बुवांनी अर्ध्यात थांबून सांगितलं, "मंडळी, काल मी मासा पाहिला, पेटी पाहिली नाही. माझी चूक." चांगलं बोलले. खोटं का म्हणू? पण माना डोलल्या ना, त्या काल डोलल्या तशाच डोलल्या. तेच टाळ वाजले, त्याच बायकांनी डोळ्यांना पदर लावला. काल हसलेली पोरं आज "वा वा" करत होती. मला वाटलं, उद्या कोणी येऊन पुन्हा उलटं सांगितलं, तर ही मान पुन्हा तशीच डोलेल. मी टाळी वाजवली नाही.

हंडी फुटली, दह्याचे शिंतोडे उडाले, पंगतीची पानं मांडली. आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की बुवांच्या गळ्यात वीणा तशीच आहे. कीर्तन संपलं की ती परत विणेकऱ्याच्या गळ्यात जाते, तोच ती देवापुढे ठेवून सप्ताह उठवतो. आणि विणेकरी घरी. बुवांना महाडजवळ दुसऱ्या गावी सेवा होती, गाडी खाली रस्त्यावर उभी. पण वीणा ज्याच्याकडून घेतली त्याला दिल्याशिवाय हलता येईना. चांगूभावजींनी माझ्याकडे पाहिलं. मी देवाकडे पाहिलं.

"मी आनते तिला," शेवटी रंगूबाई म्हणाली, आणि निघाली. मी मागून गेले.

ओटीवर रूपाली गुडघ्यांवर बसली होती, दोन्ही हात कोपरापर्यंत टाकीत. नर चपळ, जाळी बघून पळत होता; आणि जाळी जोरात फिरवली तर पिल्लं चिरडतील, म्हणून ती कीर्तनभर अशीच सावकाश धरायला बघत होती. रंगूबाई पायरीवर थांबली.

"रूपाली, चल गो. बुवा खोळंबलेत."

"हात ओले आहेत, काकी."

"पूस आनी चल."

"हा एकदा बाहेर निघू दे. थांबा."

रंगूबाई थांबली. उन्हात, पायरीवर, पायात गोळे आलेली रंगूबाई. बराच वेळ थांबली. जाळीत नर आला, रूपालीने तो दुसऱ्या टाकीत सोडला. मग डोकं काचेजवळ नेऊन पिल्लं बघत राहिली, ओठांनी मोजल्यासारखं करत.

"किती राहिली?" रंगूबाईने विचारलं. आवाज खाली आला होता.

"निम्मी. थोडी जास्त."

"बरं झालं गो." ती घुटमळली. "तुझ्या गळ्यातून मी घेईन. पाया पडून घेईन. माजाच पहारा होता तो. चल."

रूपालीने ड्रॉपर उचलला, बरणीतलं केळ्याच्या सालीचं पाणी भरलं आणि टाकीत थेंब थेंब सोडायला लागली. घाई नाही केली. खाली रस्त्यावरून बुवांच्या गाडीचा हॉर्न आला, एकदा, मग लागोपाठ तीनदा.

रंगूबाईने माझ्याकडे पाहिलं.

"वाजू दे," मी म्हटलं.